एका तारखेचा दिनविशेष कसा तयार करावा

कोकणातील शाळांत परिपाठाच्या वेळी आणि गावोगावच्या वाचनालयांत दारालगतच्या फलकावर रोज दिनविशेष दिला जातो. हे काम बहुधा ज्याचे अक्षर वळणदार त्याच्याकडे जाते आणि मजकूर पुरवते ती फोनवर फिरत आलेली यादी. त्या यादीत परदेशी शास्त्रज्ञ असतात, क्रिकेटपटूंचे वाढदिवस असतात, कोणता तरी जागतिक दिवस असतो. ज्या राज्यात आणि ज्या किनाऱ्यावर तो फलक टांगलेला आहे, त्याच्या वाट्याला आलीच तर एखादी ओळ येते आणि तिची तारीख कोणी पडताळलेली नसते. महाराष्ट्राच्या इतिहासातील एका तारखेचा दिनविशेष आपला आपण कसा जुळवावा, तारखा कशा पडताळाव्यात आणि फलकावर त्या कशा मांडाव्यात, हे येथे सांगितले आहे. नमुन्यासाठी १ ऑगस्ट ही तारीख घेतली आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी तारखांविषयी काही गोष्टी समजून घेणे मात्र आवश्यक आहे, कारण दिनविशेषातील बहुतेक चुकांत प्रसंग खरा असतो. तारीख कोणत्या गणनेतली आणि प्रसंगाच्या कोणत्या टप्प्याची, एवढेच पाहायचे राहून गेलेले असते.

हद्द आधी ठरवावी

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. राज्याचा इतिहास याचा काटेकोर अर्थ घेतला तर त्यापूर्वीचे काहीच फलकावर येऊ शकणार नाही, आणि तसे कोणी करतही नाही. सोयीचा नियम असा की, आज महाराष्ट्राच्या सीमेत असलेल्या भूमीवर घडलेला प्रसंग घ्यावा, मग त्या काळी तेथे सत्ता कोणाचीही असो. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर वसई दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होती, मुरूड-जंजिरा आणि सावंतवाडी ही १९४८ साली विलीन झालेली संस्थाने होती आणि उरलेला मोठा भाग इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात मोडत होता. हे सगळे आज एकाच राज्याचा इतिहास आहे.

जिल्ह्याचे नाव मात्र जपून घालावे. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता आणि पालघर तर २०१४ चा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला तेव्हा महाड कुलाबा जिल्ह्यात होते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. अशा ठिकाणी जिल्ह्याऐवजी गाव आणि फार तर तालुका लिहावा. जिल्ह्यांच्या सीमा आणि नावे बदलत राहतात, गावाचे नाव सहसा टिकते.

व्यक्तींच्या बाबतीतही गावच महत्त्वाचे. विनोबा भावे यांची ११ सप्टेंबर १८९५ ही जन्मतारीख प्रत्येक यादीत असते, पण ते पेण तालुक्यातील गागोद्याचे, हे पेणमधल्या फलकावरही अनेकदा नसते. महर्षी कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवलीचा, साने गुरुजींचा २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळच्या पालगडचा, चिंतामणराव देशमुखांचा १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या नाते गावचा. फलक लावणाऱ्याने यादीत काही भर घालायची असेल तर ती हीच.

तारखा कोठून मिळवाव्यात

राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाचे जिल्हा गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, आणि तपासणीची सुरुवात तेथून करावी. मुंबई इलाख्याचा रत्नागिरी-सावंतवाडीविषयीचा १८८० सालचा जुना गॅझेटिअर बंदरे, किल्ले आणि लढाया यांच्या बाबतीत फार उपयोगी आहे, मात्र तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवावे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. अशा जुन्या संस्थांत नियतकालिकांचे बांधीव खंड असतात आणि ते चाळण्याची परवानगी नम्रपणे मागितली तर सहसा मिळते.

वर्तमानपत्रावरून तारीख घेताना अंकाची तारीख ही प्रसंगाची तारीख नव्हे, हे विसरू नये. बातमीत "काल" असेल तर एक दिवस मागे जावे, आणि साप्ताहिक असेल तर वाराचा उल्लेख शोधल्याशिवाय काहीही लिहू नये. कोनशिलेचेही तसेच. तिच्यावर कोरलेली तारीख बहुधा पाहुणे येऊन गेल्याची असते. शाळा त्याआधी कोणाच्या तरी पडवीत दोन-चार वर्षे भरलेली असू शकते.

गावातील ज्येष्ठ व्यक्तींच्या जन्मतारखा शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घेतल्या जातात. त्यात १ जून ही तारीख दिसली की थांबावे. पूर्वी मूल शाळेत घालताना वडिलांना तारीख सांगता आली नाही, तर गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकीत, आणि त्यामुळे एका पिढीतील निम्मे गाव एकाच दिवशी जन्मलेले दिसते. अशा वेळी घरच्यांकडे सण, पेरणी किंवा एखादे मोठे वादळ यांची आठवण विचारावी. तेही नसेल तर नुसते वर्ष द्यावे.

कोणत्या गणनेतली तारीख?

सतराव्या आणि अठराव्या शतकातील प्रसंग घेताना खरी कसोटी लागते. पोर्तुगीजांनी सुधारित ग्रेगोरियन गणना १५८२ सालीच स्वीकारली होती. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनी मात्र जुनी ज्युलियन गणना १७५२ पर्यंत धरून ठेवली आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजला. मधल्या काळात एकाच किनाऱ्यावर चौलच्या आणि वसईच्या पोर्तुगीजांची तारीख मुंबईच्या आणि राजापूरच्या इंग्रजांच्या पुढे असे, सतराव्या शतकात दहा दिवसांनी आणि १७०० नंतर अकरा दिवसांनी. त्याशिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने त्यांच्या जुन्या कागदांत जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना मागील वर्षाचा आकडा असतो. मराठी कागदांत शक, महिना, तिथी आणि वार असतात; कित्येकांत सुहूर सनही असतो, ज्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन मिळतो आणि ज्याचे वर्ष मृगाच्या आरंभी पालटते.

वसईचे उदाहरण घ्यावे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली वसई घेतली. पोर्तुगीज किल्ला सोडून निघाले त्याची तारीख काही मराठी पुस्तकांत १२ मे अशी मिळते, तर पोर्तुगीज कागदांवर आधारलेल्या लेखनात २३ मे. दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर आहे, म्हणजे दिवस एकच आहे. तहाचा दिवस त्याच्या आठवडाभर आधीचा, तोही पुन्हा दोन तारखांनी सांगितला जातो, आणि मग चार तारखा पाहून वाचक गोंधळतो. फलकावर एकच तारीख द्यावी, पण ती कोणत्या गणनेतली हे आपल्या वहीत नोंदवून ठेवावे आणि एकदा धरलेली गणना वर्षभर सोडू नये. एका पानावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी असे झाले की सगळीच नोंद निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्रात शिवकालातील तारखा जुन्या गणनेने देण्याचा प्रघात आहे आणि तोच फलकावर ठेवणे शहाणपणाचे. शिवाजी महाराजांच्या जन्माविषयी जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील सालवार नोंदींच्या टिपणात, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. शकाचे इसवी सनात रूपांतर करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावेत. फाल्गुन असल्यामुळे १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. राज्य शासनाने मान्य केलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख याच नोंदीशी जुळते.

आता वार तपासावा. फोनमधील दिनदर्शिका मागे १६३० पर्यंत नेली तर बहुतेक फोन १९ फेब्रुवारीला मंगळवार दाखवतात, आणि पाहणाऱ्याला शकावलीच चुकली असे वाटते. फोन नवी गणना मागे ताणून दाखवत असतो. दहा दिवस पुढे जावे, १ मार्च १६३० येतो आणि त्या दिवशी शुक्रवार आहे. वाराची ही पडताळणी कोणालाही दोन मिनिटांत करता येते आणि शिवकालीन तारखांपैकी चुकीच्या उतरलेल्या कित्येक तारखा तेथेच सापडतात.

तिथी पडताळण्याचाही एक साधा मार्ग आहे. तिथी आणि तारीख यांचा मेळ १९ वर्षांनी, एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा जमतो. रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, तो दिवस गटारी अमावास्येचा होता असे किनाऱ्यावरचे लोक सांगतात. १९४७ मध्ये १९ ची चार पटी मिळवली की २०२३ येते, आणि १७ जुलै २०२३ ला आषाढी अमावास्या होती हे घरातल्या जुन्या कालदर्शिकेत कोणालाही पाहता येईल. लोकांची आठवण पक्की आहे. जुन्या कालदर्शिका रद्दीत न घालण्याला हेही एक कारण समजावे.

मध्यरात्र आणि सूर्योदय यांच्यामधला वेळ

इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते आणि आपला वार सूर्योदयाला. मध्यरात्रीनंतर आणि उजाडण्यापूर्वी घडलेला प्रसंग त्यामुळे दोन दिवसांत विभागला जातो, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील काही अतिशय ठळक प्रसंग नेमके याच वेळेत घडलेले आहेत.

रायगडावरील राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४. त्या दिवशी, वर सांगितल्याप्रमाणे दहा दिवस पुढे जाऊन पाहिले तर, शनिवार येतो. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद असून तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले असे म्हटले आहे. घटका चोवीस मिनिटांची. तीन घटका म्हणजे सुमारे सव्वा तास. सूर्य उगवायचा होता, म्हणून शकावलीकाराने शुक्रवार लिहिला. मध्यरात्र उलटली होती, म्हणून इंग्रजी हिशेबाने शनिवार झाला. दोघांचेही बरोबर आहे. सोहळा आज गडावर ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही होतो, आणि फलकावर दोन्ही दिवशी तो लिहायला काहीच हरकत नाही, फक्त कोणता तारखेने आणि कोणता तिथीने हे स्पष्ट असावे.

दुसरा प्रसंग कोयनेच्या भूकंपाचा. सह्याद्रीच्या पलीकडे कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास धरणी हादरली. परदेशी भूकंपनोंदींत त्याची तारीख १० डिसेंबर दिसते, कारण त्या नोंदी जागतिक वेळेने ठेवलेल्या असतात आणि ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. इंटरनेटवरून दिनविशेष उतरवणारे हा भूकंप १० तारखेला लिहून मोकळे होतात. तिसरा प्रसंग लोकमान्यांच्या निधनाचा, तो पुढे १ ऑगस्टच्या पानात येईल.

निर्णय, आरंभ आणि पूर्तता

एका प्रसंगाला अनेक दिवस असतात. मुंबई राज्याच्या विभाजनाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती २५ एप्रिल १९६० रोजी मिळाली आणि राज्य १ मे रोजी झाले. दिनविशेष १ मेचाच. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची २५ नोव्हेंबर १६६४ ही तारीख पायाभरणीची आहे, किल्ला पुरा व्हायला पुढे सुमारे तीन वर्षे गेली, तेव्हा "किल्ला बांधला" असे क्रियापद तेथे चालणार नाही. कोकण रेल्वेचे तुकडे १९९३ पासून टप्प्याटप्प्याने चालू होत गेले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. ज्या गावात फलक आहे त्या गावच्या स्थानकावर पहिली गाडी कधी आली हे शोधले तर त्याला गावात अधिक वाचक मिळतील. "सुरू झाले" हे क्रियापद शक्य तितके टाळावे. ते कोणत्याही टप्प्याला चिकटते.

१ ऑगस्टचे पान

या तारखेला महाराष्ट्राच्या वाट्याला इतके आले आहे की निवड करावीच लागते, आणि निवड कशी करावी हे दाखवण्यासाठी ती चांगली आहे.

लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. ते मुंबईत, सरदारगृहात झाले. पुण्याशी त्यांचे नाव इतके जोडलेले आहे की परिपाठात मुले बिनदिक्कत पुणे म्हणून सांगतात. वेळ होती मध्यरात्र उलटल्यानंतरची. त्यामुळे काही आठवणींत ३१ जुलैची रात्र असा उल्लेख येतो. तो खोटा नाही, पण तारीख म्हणून १ ऑगस्टच लिहावी. अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा; टिळक आळीतील ते घर आजही पाहता येते. जन्म आणि निधन यांच्या तारखा अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे रत्नागिरी परिसरातील फलकावर बालपणाचा आणि रत्नागिरीचा मजकूर २३ जुलैला घालावा आणि १ ऑगस्टला मुंबईतील अखेरचा. एकच परिच्छेद दोनदा लावला की दुसऱ्यांदा कोणी वाचत नाही. गांधीजींच्या असहकार आंदोलनाचा आरंभही १ ऑगस्ट १९२० याच दिवशी ठरलेला होता, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना तोंडी सांगावी. फलकावर ती घातली तर ओळ लांबते आणि मुख्य प्रसंग झाकला जातो.

त्याच तारखेला, त्याच वर्षी, अण्णा भाऊ साठे यांचा जन्म वाळवा तालुक्यातील वाटेगावला झाला. दोन्ही ओळींपुढे १९२० पाहून फलक वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याने वरचाच आकडा चुकून पुन्हा उतरवला असे वाटते, आणि एखादा उत्साही वाचक तो बोटाने पुसूनही टाकतो. म्हणून दुसऱ्या ओळीत "याच दिवशी" हे शब्द घालावेत. अण्णा भाऊंचे नाव कोकणाबाहेरचे म्हणून गाळू नये. लाल बावटा कलापथकातून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून त्यांचा आवाज मुंबईच्या गिरणगावात घुमला, आणि त्या गिरणगावात कोकणातला चाकरमानी किती होता हे सांगायला नको.

तिसरा प्रसंग २०१४ चा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील ३६ वा जिल्हा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे त्याचे आठ तालुके. उत्तर कोकणातील फलकावर ही ओळ सर्वांत वर असावी आणि तालुक्यांची नावे द्यावीत. मालवण-वेंगुर्ल्यात ती तिसरी आणि आखूड असली तरी चालेल. एका राज्याचा दिनविशेष सर्व ठिकाणी एकाच क्रमाने लावायचा नसतो. सनावळीचा क्रम व्यवस्थित दिसतो हे खरे, पण फलकापुढे उभा असलेला माणूस पहिली ओळ वाचतो आणि पुढे जातो.

याच दिवशी महसूल दिन असतो, कारण महसुली वर्ष १ ऑगस्टला उघडते आणि ३१ जुलैला मिटते. ही एक ओळ पुरे. शुभेच्छा, अभिनंदन इत्यादींची जागा तहसील कार्यालयाच्या फलकावर.

आणि किनाऱ्यासाठी आणखी एक. पावसाळी मासेमारीबंदी अलीकडच्या वर्षांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, म्हणजे यांत्रिक नौका पुन्हा समुद्रात जाण्याचा दिवस १ ऑगस्ट. हा इतिहास नाही, आणि आदेश दर वर्षी नव्याने निघत असल्यामुळे त्या वर्षीचा आदेश पाहिल्याशिवाय लिहूही नये. तरी हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या वाटेवरील फलकावर ही ओळ तळाशी असली तर बंदरावर जाणारा माणूस तिच्या निमित्ताने वरच्या तीन ओळी वाचतो. अनेक कोळी बांधव आजही नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ती तिथी आहे, दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, आणि तिचे पान तिथीच्या वहीत वेगळे असावे.

रत्नागिरीकडील फलकाचा तयार मजकूर असा होईल:

१ ऑगस्ट
१९२० : लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे मुंबईत सरदारगृहात निधन. (जन्म : रत्नागिरी, २३ जुलै १८५६)
१९२० : याच दिवशी साहित्यिक आणि लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा वाटेगाव येथे जन्म.
२०१४ : ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला.
आज महसूल दिन.

विशेषणे एकही नाहीत, हे लक्षात घ्यावे. "थोर", "महान", "ज्वलंत" या शब्दांनी ओळ भरली की ठिकाण आणि वेळ यांना जागा उरत नाही. लोकमान्य, महर्षी, लोकशाहीर या उपाध्या नावाचाच भाग झालेल्या आहेत, त्या राहू द्याव्यात. जिवंत लोकांचे वाढदिवस लिहूच नयेत. एकाचा लिहिला की दुसऱ्याचा का नाही याचे उत्तर देत बसावे लागते, आणि निवडणुका जवळ असतील तर ते उत्तर कोणालाच पटत नाही.

ऐकीव गोष्टींचे काय करावे

विजयदुर्गचे उदाहरण येथे नीट पाहावे, कारण ते १८ ऑगस्टच्या बहुतेक याद्यांत येते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि खग्रासाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून पुढे पूर्वेकडे गेला. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात आणि त्यांवरून नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला असे सांगितले जाते. लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हते. पिएर जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी ते ग्रहण गुंटूर येथून पाहिले. लॉकियर यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तपासला. दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचले. त्या वर्णपटातील पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नवे मूलद्रव्य मानले गेले, आणि पृथ्वीवर ते हाती लागले १८९५ साली.

मग विजयदुर्गच्या फलकावर काय लिहावे? दंतकथा जशीच्या तशी लिहिली तर चुकीचे होते आणि गाळून टाकली तर किल्ल्यावर दर वर्षी त्या दिवशी जमणाऱ्या मुलांना आपल्या गावाचे नाव का घेतले जाते तेच कळत नाही. मला योग्य वाटते ती ओळ अशी: "१८६८ : कोकण किनाऱ्यावर खग्रास सूर्यग्रहण. या वर्षीच्या सूर्यनिरीक्षणांतून पुढे हेलियमचा शोध लागला. विजयदुर्गावरील ओटे या ग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधले गेले असे सांगितले जाते." "असे सांगितले जाते" हे शब्द अशाच जागेसाठी आहेत, ते जेथे पुरावा आहे तेथे वापरू नयेत आणि जेथे नाही तेथे चुकवू नयेत. गावकऱ्यांपैकी कोणी दुखावले तर फलकापुढे वाद घालू नये, आत बोलावून पुस्तक दाखवावे.

दुःखाच्या तारखा

जुलै महिना कोकणात अशा तारखांनी भरलेला आहे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच पावसात महाड तालुक्यातील वाड्यांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. हे प्रसंग राज्याच्या इतिहासाचे आहेत आणि गाळता येत नाहीत, परंतु फलक वाचणाऱ्यांत त्यांपैकी कोणाचे तरी भाऊबंद असतात. जुन्या प्रसंगात संख्या द्यावी, अलीकडच्यात देऊ नये. तारीख, गाव आणि "स्मृतिदिन" एवढेच शब्द पुरतात. शक्य असेल तर त्याच दिवशी दुसरा आनंदाचा प्रसंग त्या ओळीच्या शेजारी लावू नये.

फलक आणि वही

पावसाळ्यात दमट फळ्यावर खडू उमटत नाही आणि उमटला तर पागोळ्यांच्या तुषारांनी दुपारपर्यंत ओघळतो. जून ते सप्टेंबर फलक पडवीच्या आतल्या भिंतीला टांगावा किंवा कागद लिहून काचेमागे लावावा. आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलेले बरे, कारण परिपाठ सकाळीच असतो आणि घाईत आकडे उलटसुलट होतात. लिहिणाऱ्याने लिहावे आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचावे. सालातील अदलाबदल, विशेषतः १८६८ चे १८८६ होणे, कानाला लगेच कळते.

कायमची जमा मात्र वहीत होते. प्रत्येक तारखेला एक पान, म्हणजे ३६६ पाने, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली, मूळ नोंद शकात होती की इसवी सनात, जुनी गणना की नवी, आणि वार तपासला की नाही, हे चार शब्दांत लिहावे. ज्या पानावर महाराष्ट्राचे काहीच सापडत नाही ते कोरे सोडावे. जगाच्या यादीतून ते भरून काढण्याची घाई करू नये, कारण पुढील वर्षी कोणी तरी २५ सप्टेंबरच्या पानासाठी उरणजवळच्या चिरनेरचा १९३० सालचा जंगल सत्याग्रह घेऊन येतो, आणि जागा आधीच भरलेली असेल तर तो कोपऱ्यात दाटीने लिहावा लागतो. तिथीने येणाऱ्या प्रसंगांची वही निराळी ठेवून दर गुढीपाडव्याला त्या वर्षीच्या तारखा तिच्यात पेन्सिलीने मांडाव्यात.

२९ फेब्रुवारीचे पान चार वर्षांतून एकदाच लागते आणि ते बहुधा विसरले जाते. त्यावर मोरारजी देसाई यांचा १८९६ चा जन्म येऊ शकतो. जन्म गुजरातमधला, त्यामुळे आपल्या हद्दीच्या नियमाने तो बाहेर पडतो; पण १९५२ ते १९५६ या काळात ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची हकिगत त्यांच्या नावावाचून सांगता येत नाही. अशा नोंदी घ्याव्यात, आणि घेताना व्यक्तीचा या राज्याशी संबंध काय तो त्याच ओळीत लिहावा.